चढणीच्या माशाचा हिशेब

२०१८ साली उत्तर पॅसिफिकच्या काठावरच्या देशांनी मिळून सुमारे ६५ कोटी सॅमन पकडले. वजनात बोलायचं तर दहा लाख टनांच्या वर. दोनच वर्षांनी, २०२० साली, आकडा ३२ कोटींवर आला. १९८२ नंतर एवढा कमी मासा कधी मिळाला नव्हता. २०२१ मध्ये तो पुन्हा उसळला आणि २०२४ मध्ये पुन्हा आपटला.

अशा आकड्यांवरून एका वर्षी ‘सॅमनची विक्रमी आवक’ अशी बातमी होते, तर पुढच्या वर्षी ‘सॅमन संपत चालला’ अशी. दोन्ही बातम्या आपापल्या जागी खऱ्या असतात, पण त्या वाचून हाती फारसं काही लागत नाही. कारण हा बेरजेचा आकडा आहे. बेरीज छान दिसत असताना एखादी नदी पार रिकामी झालेली असू शकते, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नेमकं हेच झालंय. एकूण मासा फारसा घटलेला नाही, पण तो कुठल्या देशाच्या जाळ्यात येतो आणि कुठल्या जातीचा येतो, हे पार बदलून गेलंय. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठीच.

आधी एक घोळ मिटवून टाकू. मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. रावस चवीला उत्तमच, पण सॅमनशी त्याचं नातं नाही. त्याचं कूळ वेगळं, तो आपल्या किनाऱ्यालगतच्या उबदार पाण्यातला. सॅमन थंड पाण्यातला मासा. तेव्हा पुढचं वाचताना डोळ्यांसमोर रावस आणू नका.

त्यापेक्षा वलगण आठवा. मृगाचा पाऊस लागला की कोकणात वहाळ-ओढे वाहू लागतात आणि मासे पाण्याच्या उलट दिशेने चढत शेतांपर्यंत येतात. पोटात गाबोळी म्हणजे अंडी, अंगात कमालीचा जोर, आणि वाट अडली तर उडी. सॅमनचं आयुष्य म्हणजे हीच चढण, फक्त शेकडो पटींनी मोठी. त्याचा जन्म गोड्या पाण्यात, नदीच्या गोट्यांखाली पुरलेल्या अंड्यातून होतो. मग बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, प्रवाहाबरोबर समुद्रात जाते. तिथे एक ते पाच वर्षं चरून, हजारो किलोमीटर फिरून, मोठा झालेला मासा पुन्हा आपल्याच नदीत, बरेचदा आपल्याच ओढ्यात परततो. वाट ओळखतो ती मुख्यतः वासावरून. पॅसिफिकमधले सॅमन चढणीला लागले की खाणं सोडतात, अंडी घालतात आणि मरतात. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, अंडी घालते, वर पुन्हा गोटे ओढते आणि काही दिवसांत तिथेच संपते.

या एका सवयीत सॅमनच्या मासेमारीचं सगळं गणित आलं. मासा स्वतःहून, ठरावीक दिवसांत, एका अरुंद तोंडातून आत येतो. त्यामुळे तो पकडणं सोपं, आणि नदीच्या तोंडाशी जाळी लावून तो एका पिढीत संपवणंही तितकंच सोपं. वर किती मासे जाऊ द्यायचे, हाच सॅमनच्या धंद्यातला खरा प्रश्न.

अटलांटिक महासागरात सॅमनची एकच जात आहे. पॅसिफिकमध्ये व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाच: पिंक, चम, सॉकआय, कोहो आणि चिनूक. चिनूक सगळ्यांत मोठा, दहा-पंधरा किलोचाही मिळतो. सॉकआयचं मांस गडद लाल, त्याला भाव चांगला. पिंक सगळ्यांत लहान, दीड-दोन किलोचा. तो स्वस्त, आणि डबाबंद सॅमनमध्ये बरेचदा असतो तो हाच. पण संख्येत पिंकच सगळ्यांना भारी: समुद्रातल्या पूर्ण वाढलेल्या सॅमनपैकी साधारण दोन तृतीयांश पिंकच असतात.

पिंकचं आयुष्य बरोब्बर दोन वर्षांचं. २०२१ साली अंडी घालणाऱ्यांची पिल्लं २०२३ साली परततात, त्यांची २०२५ साली. विषम सालांचे पिंक आणि सम सालांचे पिंक एकाच नदीत राहूनही कधी एकमेकांना भेटत नाहीत. त्यामुळे काही किनाऱ्यांवर विषम साली जाळी भरून वाहतात आणि सम साली निम्मीही भरत नाहीत. अलास्कात सहसा विषम साल जोराचं. रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर सम सालं जोराची, २०१८ चा विक्रम त्यातूनच आला. म्हणून सॅमनच्या आकड्यांत यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करायचीच नाही, ती दोन वर्षांपूर्वीशी करायची. बातम्या देणारे हे विसरतात आणि वाचणारा उगाच घाबरतो किंवा उगाच खूश होतो.

मोजमापातही गोम आहे. अमेरिकेत मासे नगावर मोजतात, रशियात टनांवर. एक पिंक आणि एक चिनूक नगाने सारखेच, वजनाने पाच-सात पटींचा फरक.

‘वाइल्ड’ म्हणजे नक्की काय

वेष्टनावर ‘वाइल्ड कॉट’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की मासा मोकळ्या पाण्यात पकडला, पिंजऱ्यात वाढवला नाही. तो जन्मला कुठे, हे त्यातून कळत नाही. आणि उत्तर पॅसिफिकमध्ये मत्स्यबीज केंद्रांतून दरवर्षी सुमारे ५०० कोटी बोटुकली सोडली जाते.

पद्धत अशी: चढणीला आलेले मासे पकडायचे, अंडी काढून ट्रेमध्ये उबवायची, पिल्लं थोडी मोठी झाली की नदीत सोडायची. पुढचं सगळं समुद्रावर. आपल्याकडे धनगर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतो, त्याची स्वतःची जमीन नसते, चारा रानाचा असतो. इथे धनगरही सोबत नाही. मेंढरं एकटीच चरून येतात, परत आली तर आली.

जपानमध्ये पकडला जाणारा बहुतेक चम असा केंद्रातून सोडलेला. अलास्कात नगाने चौथा ते तिसरा हिस्सा. रशियात साखालिन बेटावर अशी केंद्रं भरपूर. पिंजऱ्यात सॅमन वाढवायला अलास्काने १९९० साली कायद्याने बंदी केली, पण बोटुकली सोडायला मात्र सरकारचं पूर्ण प्रोत्साहन. त्यामुळे ‘मोकळ्या पाण्यातला मासा वाढला’ असं कुणी म्हटलं, की मी लगेच विचारतो: नदीने वाढवला की केंद्राने?

अलास्का: आधी वर जाऊ द्या, मग पकडा

आजच्या अलास्काकडे पाहून पटणार नाही, पण १९५९ साली ते अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा तिथला सॅमन जवळजवळ खलास झाला होता. वर्षाला जेमतेम अडीच कोटी मासे मिळत. डबाबंद माशांच्या मोठ्या कंपन्या नद्यांच्या वाटेवर लाकडी खांब आणि जाळ्यांचे प्रचंड सापळे उभारून येईल तो मासा उचलत, आणि नियम ठरत ते हजारो किलोमीटर दूर वॉशिंग्टनमध्ये. नव्या राज्याने आल्याआल्या हे सापळे बंद केले. मासा कायम टिकेल एवढाच पकडायचा, हे तत्त्व त्यांनी थेट राज्यघटनेत लिहिलं. तरी १९७३-७४ पर्यंत आकडा आणखी खालीच गेला. मग १९७३ साली परवाने मर्यादित झाले, मत्स्यबीज केंद्रं सुरू झाली, जपानी जहाजांनी भर समुद्रात सॅमन पकडणं हळूहळू आटलं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे १९७६-७७ च्या हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकचा मूडच बदलला. वारे, प्रवाह, पाण्याचं तापमान असं बदललं की अलास्काच्या बाजूला माशांचं खाद्य वाढलं. शास्त्रज्ञ या दशकांच्या झोक्याला ‘पॅसिफिक डेकेडल ऑसिलेशन’ म्हणतात. ते लक्षात आलं त्यात सॅमनच्या आकड्यांचा मोठा वाटा होता. २०१३ साली अलास्कात २७ कोटींहून जास्त सॅमन पकडले गेले. श्रेय कुणाचं? चांगल्या कायद्याचंही आणि समुद्राच्या कृपेचंही. दोन्ही एकाच वेळी जुळून आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

कायद्याचा भाग कसा चालतो, ते ब्रिस्टल बे नावाच्या आखातात नीट दिसतं. जगातला सगळ्यांत मोठा सॉकआयचा साठा हा. नाकनेक, क्विचाक, एगेगिक, उगाशिक, वुड, नुशागाक अशा नद्या इथे मिळतात. यांतल्या अनेक नद्यांच्या काठांवर मचाणं उभारलेली असतात. आपल्याकडे शेतात पाखरं राखायला माळा घालतात, तशी. उन्हाळ्यात माणूस हातात मोजयंत्र घेऊन मचाणावर चढतो आणि स्वच्छ, उथळ पाण्यातून काठाकाठाने वर जाणारे मासे मोजतो. दहा मिनिटं एका काठावर, दहा मिनिटं दुसऱ्या काठावर, दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. दहा मिनिटांच्या आकड्याला सहाने गुणलं की तासाचा अंदाज. उपग्रह आणि सोनारच्या जमान्यातही हे टिच-टिच मोजणं सुटलेलं नाही, कारण ते चालतं.

त्या आकड्यावर खाली समुद्रातल्या शेकडो बोटी थांबलेल्या असतात. ठरलेल्या संख्येइतके मासे वर जाण्याच्या वाटेवर आहेत, असं अधिकाऱ्यांना दिसलं की मासेमारी उघडते, अमुक वाजेपासून अमुक वाजेपर्यंत. संख्या कमी पडत असली तर बंद. बोटही ३२ फुटांपेक्षा लांब नको, असा नियम. १९५१ पर्यंत तर इथे इंजिनालाही परवानगी नव्हती, सगळे शिडाच्या होड्यांवर. जाळी पाण्यात पडद्यासारखी उभी सोडायची, माशाचं डोकं आत जातं आणि कल्ले अडकतात. आपल्या कोळ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. साधारण जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळा मासा येऊन जातो. वर्षाची कमाई तीन-चार आठवड्यांत, अपुऱ्या झोपेवर.

२०२२ साली ब्रिस्टल बेमध्ये विक्रमी ७ कोटी ९० लाख सॉकआय परतले. ६ कोटी पकडले, बाकीचे वर गेले. त्या नद्यांच्या उगमाजवळ सोनं-तांब्याची एक प्रचंड खाण काढायचा बेत कित्येक वर्षं चालला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये त्याला मज्जाव केला. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. दरवर्षी आपणहून येणारं पीक पणाला लावून एकदाच निघणारं तांबं काढणं, हा व्यवहार कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पण त्याच २०२२ साली, त्याच राज्यात, युकॉन नदीच्या काठी वाळणीच्या काठ्या रिकाम्या होत्या. युकॉनचे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात नदीकाठच्या तळावर जातात, चिनूक आणि चम पकडतात, चिरून पट्ट्या करतात, धुरी देऊन वाळवतात. हिवाळ्याची बेगमी असते ती. आपल्याकडे पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील भरून ठेवतात तशी, फरक एवढाच की त्यांचा हिवाळा आठ महिन्यांचा आणि दुकान विमानाच्या अंतरावर. तिथे चिनूक आणि चम दोन्ही इतके घटले की घरी खाण्यापुरतीही मासेमारी बंद करावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी करार केला: युकॉनचा चिनूक सात वर्षं पकडायचा नाही. सात वर्षं म्हणजे चिनूकची साधारण एक पिढी. या काळात घरातल्या पोरांना मासा चिरायला शिकवायचा कशावर, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात येत नाही.

कारणं एकात एक गुंतलेली. नदीचं पाणी तापतंय. २०१९ च्या उन्हाळ्यात युकॉनच्या उपनदीत पोटात गाबोळी तशीच घेऊन मेलेले चम सापडले. बेरिंग समुद्रात पोलॉक मासा पकडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत सॅमनही येतो, त्यावरून मोठा वाद आहे. आणि मासा लहानही होतोय. अलास्काचा चिनूक १९९० च्या आधीच्या मानाने सरासरी आठ टक्क्यांनी आखूड झालाय. लांबीत आठ टक्के म्हणजे थोडं वाटतं, पण आखूड मादीच्या पोटात गाबोळी बरीच कमी असते.

रशिया वर, जपान खाली

गेल्या वीस वर्षांत आकड्यांच्या खेळात सगळ्यांत पुढे आला तो रशिया. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा तिथला वार्षिक सॅमन दीड-दोन लाख टनांच्या आसपास असे. २०१८ साली तो साडेसहा लाख टनांच्या वर गेला, २०२३ साली पुन्हा सहा लाखांच्या आसपास. मग २०२४ मध्ये एकदम अडीच लाखांच्याही खाली. यात सिंहाचा वाटा कामचाटकाचा आणि पिंकचा. तिथे नद्यांना धरणं जवळजवळ नाहीत, रस्ते मोजकेच, वस्ती विरळ. मासा वाढायला जागा आहे, हे पहिलं कारण. दुसरं, आपल्या हद्दीतल्या समुद्रात सोडायच्या लांबलचक तरंगत्या जाळ्यांवर रशियाने १ जानेवारी २०१६ पासून बंदी घातली. तिसरं कारण, पुन्हा समुद्रच. उत्तरेकडचं पाणी थोडं कोमट झालं ते पिंकच्या पथ्यावर पडलं. या चित्राला काळी बाजूही आहे: लाल गाबोळीसाठी होणारी चोरटी मासेमारी. किनाऱ्यावर मासा फाडून फक्त गाबोळी काढायची आणि मासा तिथेच फेकायचा. असा मासा कुठल्याच नोंदीत येत नाही.

रशियाच्या शेजारी, होक्काइडो बेटावर, चित्र नेमकं उलटं. जपानने १८८८ साली चितोसे नदीवर केंद्र उभारलं आणि शंभर वर्षांत मत्स्यबीजाचं हे तंत्र एवढं पक्कं केलं की वर्षाला पावणेदोनशे कोटींच्या आसपास चमची पिल्लं सोडली जाऊ लागली. १९९६ च्या सुमारास परतणाऱ्या माशांनी उच्चांक गाठला. जगाला वाटलं, सॅमनचं कोडं सुटलं. केंद्रं तीच, पिल्लं बरीच वर्षं जवळपास तेवढीच, आणि मासा मात्र पुढे घटत गेला. आज तो त्या उच्चांकाच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येतो. इवाते हा मुख्य बेटावरचा जिल्हा चमसाठी नावाजलेला, तिथे तर धंदा जवळजवळ बसला.

असं का झालं, हे समजलं की अर्धा विषय समजला. वसंत ऋतूत सोडलेल्या पिल्लाला किनाऱ्यालगत थोडं वाढून मग उत्तरेला ओखोत्स्कच्या थंड समुद्रात पोचायचं असतं. त्यासाठी पाणी फार थंडही नको आणि फार कोमटही नको. पूर्वी हा मोसम ऐसपैस होता. आता किनाऱ्याचं पाणी लवकर तापतं, वाट आधीच बंद होते, आणि लहानशा पिल्लात तेवढं अंतर कापायचा दम नसतो. केंद्रात तुम्ही अंडी उबवू शकता, खाणं घालू शकता, पण समुद्र थंड ठेवू शकत नाही. सॅमनच्या जागी होक्काइडोच्या जाळ्यांत आता बुरी नावाचा, दक्षिणेच्या उबदार पाण्यातला मासा वाढत्या संख्येने येतोय. तिथल्या मच्छीमाराला तो मासा नवा, त्याचा भाव नवा, त्याचं गिऱ्हाईक नवं.

जपानच्या गोष्टीत दोन जुनी पानंही आहेत. निइगाता प्रांतातल्या मुराकामी गावात आओतो बुहेइजी नावाच्या सामुराईने अठराव्या शतकातच ओळखलं होतं, की चढून आलेल्या माशाला अंडी घालायला नदीचा एक भाग राखून ठेवला पाहिजे. लोक आजही तिथे मीठ लावलेले आख्खे सॅमन घराच्या आढ्याला टांगून वाळवतात. आणि होक्काइडोचे मूळ रहिवासी आयनू लोक, ज्यांच्या भाषेत सॅमन म्हणजे ‘कामुय चेप’, देवाचा मासा. एकोणिसाव्या शतकातल्या मेजी सरकारने त्यांना त्यांच्याच नद्यांत हा मासा पकडायला बंदी केली. नदीत सॅमन पकडण्याचा हक्क परत मिळावा म्हणून उराहोरोच्या आयनूंनी २०२० साली खटला भरला. एप्रिल २०२४ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने तो फेटाळला.

दक्षिणेकडचा काठ

पॅसिफिकच्या अमेरिकी बाजूनेही तीच रेघ दिसते: उत्तर भरलेली, दक्षिण ओसरलेली.

कॅनडात १९८५ साली लाख टनांवर सॅमन मिळाला होता. अलीकडे अशी वर्षं येऊन गेली की दहा हजार टनही नाही. तिथली फ्रेझर नदी हे मोठं कोडं. २००९ साली एक कोटीवर सॉकआय येतील असा अंदाज होता, आले पंधरा लाखांच्या आत. सरकारने न्यायाधीशांचा आयोग नेमला. आयोगाचं काम जेमतेम सुरू होतंय तोच २०१० साली सुमारे तीन कोटी मासे आले. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो टिकला नाही. २०१८ च्या अखेरीस बिग बारजवळ दरड कोसळून नदीची वाट अडली. २०१९ च्या जूनमध्ये ते लक्षात आलं, तेव्हा हजारो मासे हेलिकॉप्टरने उचलून वरच्या पाण्यात सोडावे लागले. याच नदीत १९१३-१४ साली रेल्वेच्या कामामुळे हेल्स गेटला दरडी कोसळल्या होत्या, आणि त्याची झळ फ्रेझरच्या सॉकआयला कित्येक दशकं लागली. २०२१ साली कॅनडाने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सॅमनच्या व्यापारी मासेमारीपैकी सुमारे ६० टक्के एका फटक्यात बंद केली.

त्याखाली अमेरिकेची वॉशिंग्टन, ऑरेगन, कॅलिफोर्निया ही राज्यं. इथे गुन्हेगार स्पष्ट आहे: धरणं. कोलंबिया नदीत एकेकाळी वर्षाला कोटी-सव्वा कोटी सॅमन चढत. तिच्या मुख्य प्रवाहावर चौदा धरणं झाली. त्यांतल्या ग्रँड कूलीला तर माशांना चढून जायला पायऱ्याच नाहीत, म्हणजे त्याच्या वरच्या शेकडो किलोमीटर नदीला सॅमन कायमचा पारखा झाला. सिॲटलला मुला-नातवंडांकडे गेलेल्या अनेकांनी बॅलर्ड लॉक्सची मासेशिडी पाहिली असेल. काचेमागे पाण्याच्या जोराविरुद्ध एका जागी तरंगत दम घेणारा तो मासा, आणि मग एका झटक्यात वरची पायरी. बघायला सुंदर, पण प्रत्येक शिडीवर थोडा जोर खर्च होतो, आणि चढणीच्या माशाने खाणं तर सोडलेलं असतं. कॅलिफोर्नियात दुष्काळ आणि तापलेल्या नद्यांमुळे २०२३ आणि २०२४ ही लागोपाठ दोन वर्षं समुद्रातली सॅमन मासेमारी पूर्ण बंद राहिली. पण ऑरेगन आणि त्याच कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडून झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराहून जास्त वर्षांनी सॅमन त्या जागांच्या वर चढले. काम संपून महिना-दोन महिनेही झाले नव्हते.

अटलांटिकबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे मोकळ्या पाण्यातल्या सॅमनचा व्यापार जवळजवळ उरलेलाच नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अटलांटिकमध्ये वर्षाला बारा हजार टनांच्या आसपास मासा मिळे, आता हजार टनही नाही. न्यूफाउंडलंडने १९९२ साली व्यापारी मासेमारी थांबवली, आयर्लंडने २००७ साली समुद्रातली तरंगती जाळी बंद केली, स्कॉटलंडने २०१६ पासून किनाऱ्यावरची. २०२४ च्या जूनमध्ये नॉर्वेने मासा आलाच नाही म्हणून ३३ नद्या गळवाल्यांनाही बंद केल्या. त्याच नॉर्वेत पिंजऱ्यांमधून वर्षाला सुमारे पंधरा लाख टन सॅमन निघतो. मुंबई-पुण्याच्या दुकानांत ‘नॉर्वेजियन सॅमन’ म्हणून जे गुलाबी तुकडे मिळतात, ते या पिंजऱ्यांतले. एकट्या नॉर्वेचे पिंजरे साऱ्या पॅसिफिकच्या मोकळ्या पाण्यातल्या सॅमनपेक्षा जास्त मासा देतात, हे ध्यानात घेतलं की भावाची गोष्टही कळते.

भावाचं गणित २०२३ मध्ये अलास्काने सोसलं. त्या वर्षी अलास्कात २३ कोटी मासे मिळाले, म्हणजे २०२१ इतकेच. पण मच्छीमारांच्या हाती आले सुमारे ४० कोटी डॉलर, २०२१ साली ६४ कोटी आले होते. रशियाकडेही त्याच वर्षी पिंकचा पूर आला होता, गोदामं आधीच भरलेली होती, आणि पिंजऱ्यांतला मासा बारमाही बाजारात होता. जाळं भरलं आणि खिसा रिकामा, हे आपल्या बांगड्याच्या मोसमात रापण ओढणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

एकच कुरण

देशांच्या सीमा जमिनीवर असतात. समुद्रात सगळ्यांचे सॅमन एकाच कुरणात चरतात: जपानचा चम, कामचाटकाचा पिंक, फ्रेझरचा सॉकआय, युकॉनचा चिनूक. भर समुद्रात सॅमन पकडू नये, हे कॅनडा, जपान, रशिया आणि अमेरिका यांनी १९९३ पासूनच्या कराराने मान्य केलंय, पुढे दक्षिण कोरियाही त्यात आला. हा करार बऱ्यापैकी पाळला जातो, त्याचं कौतुक करायला हवं. पण कुरणात किती मेंढरं सोडायची, यावर कुठलाच करार नाही. प्रत्येक देश आपापली बोटुकली सोडतो. ज्या साली पिंक जास्त, त्या साली इतर जातींचे सॅमन हळू वाढतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे एका देशाच्या केंद्राचं यश दुसऱ्या देशाच्या नदीत तुटवडा म्हणून उमटू शकतं. माझ्या मते पुढची वीस वर्षं भांडण होणार ते यावरच.

पिंक तर आता दुसऱ्या महासागरातही शिरलाय. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकापासून तो रशियाच्या वायव्येकडच्या श्वेत समुद्राच्या बाजूला नेऊन सोडला. २०१७ पासून दर विषम साली तो नॉर्वेच्या नद्यांत लोंढ्याने चढतो, आणि नॉर्वेचे लोक आपल्या अटलांटिक सॅमनला वाचवण्यासाठी नद्यांत सापळे लावून त्याला बाहेर काढतात.

आणि उत्तरेकडचा सरकता काठ अजून पुढे जातोय. कॅनडाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या जाळ्यात आलेले अनोळखी सॅमन शास्त्रज्ञांकडे आणून देतात. २०२३ च्या शरद ऋतूत अलास्काच्या पार उत्तरेला, ज्यांचं पाणी शेवटी आर्क्टिक महासागराला मिळतं त्या अनाक्टुवुक आणि इटकिलिक नद्यांत, संशोधकांना शंभरेक चम सापडले. काही अंडी घालत होते, काही घालून मेले होते. थोड्याच दिवसांत नदी गोठणार होती. संशोधकांनी पाण्यात तापमान नोंदणारी यंत्रं ठेवली आणि ते परतले. गोट्यांखाली गाबोळी होती, वर बर्फ धरायला लागलं होतं.